हंटरचा दात

जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या वसाहतीत कीर्ती निपानेचं क्वार्टर शोधायला नंबर लागत नाही. ‘इमानवाली मॅडम’, म्हणजे विमानवाली, म्हटलं की फॅक्टरीच्या बसचा ड्रायव्हरही हात करून घर दाखवतो. बाई दिवसा फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढते आणि सुटीच्या दिवशी प्लास्टिकची लढाऊ विमानं जोडते. अडतीस वर्षांची आहे, एकटी राहते आणि मजेत राहते. तिचे वडील मोहाडीला कोशाच्या रेशमाची पातळं विणायचे. किनारीतला एक धागा चुकलेला दिसला की वीतभर उसवून पुन्हा विणायला बसायचे. गिऱ्हाइकाला ती चूक दिसणार नाही असं आईनं कितीही सांगितलं तरी ऐकायचे नाहीत. कीर्तीनं मागाला कधी हात लावला नाही, पण वडिलांची ती खोड मात्र पुरती उचलली.

तिच्याकडे कोणी विमान बघायला आलं आणि ‘हे सुखोई का?’ म्हणालं, की ती विचारायची, “कोणतं सुखोई? पहिलं का नंतरचं?” कारण कारखान्यातून शेकड्यांनी निघणारं विमान आणि त्याआधी चाचणीसाठी बनवलेलं पहिलं विमान दिसायला जुळं वाटलं तरी पंखात फरक असतो, आणि तो तिला लांबून कळायचा. सुखोई सत्तावीसच्या पहिल्या नमुन्याचे पंख टोकाशी गोलाईनं वळलेले होते. नंतर पंखाची पुढची कड सरळ झाली, टोकं चौकोनी झाली आणि त्यांवर क्षेपणास्त्र अडकवायची पट्टी आली. अमेरिकेच्या एफ-पंधराचं उलट झालं. पहिल्यांदा टोकं चौकोनी होती, मग ती तिरपी कापली. मॉडेलच्या डब्यावर चित्र एका विमानाचं आणि आत पंख दुसऱ्याचे, असं तर कितीदा तरी होतं. अशा वेळी कीर्ती पंख कापायची, पुट्टी भरायची, घासायची, आणि बरोबर झाल्याशिवाय रंगाचा ब्रश हातात घ्यायची नाही. नागपूरच्या प्रदर्शनात तिचं काम बघायला मुंबई-पुण्याची माणसं थांबायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला सिहोऱ्याहून फोन आला.

“निपाने मॅडम बोलून राहिल्या का? मी सत्यवती ठवकर, सिहोऱ्याची सरपंच. आमी गावात इमान बसवून राहिलो, मॅडम. रंग माराचा हाये. तुमाले त्यातलं समजते म्हणे.”

“कोणतं विमान?”

“हंटर.”

कीर्ती खुर्चीत सरळ होऊन बसली. “येते मी रविवारी.”

गोष्ट अशी होती. सिहोऱ्याचे टेकचंद गभणे हवाई दलात सार्जंट होते. वीस वर्षं त्यांनी हंटर विमानांच्या सांगाड्याचं काम पाहिलं, पत्रा बदलला, खिळे मारले, सांधे तपासले. नोकरी संपल्यावर गावी येऊन धानाची शेती केली आणि पंचक्रोशीतली एकूण एक पाण्याची मोटार दुरुस्त करून दिली. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली तरी बंद पडलेल्या मोटारीपुढे उभं राहून लोक त्यांचं नाव काढायचे. म्हणून गावानं बसस्टँडजवळच्या चौकाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं, आणि चौकात खांबावर फायबरचं हंटर.

रविवारी कीर्ती तुमसरवरून बस बदलून सिहोऱ्याला पोचली. खांद्यावरच्या पिशवीत रंगाचे नमुने होते आणि एका डब्यात कापसात बसवलेलं तिचं स्वतःचं हंटर, हातभरापेक्षाही लहान. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, नुकतीच झाली होती. रस्त्यावर तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, गाड्या चालल्या होत्या. सत्यवतीबाई स्वतः स्कूटीवर घ्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या, आणि कुठंही थांबायचं माहीत नसलेल्या. त्यांनी तिला थेट राईस मिलच्या शेडमध्ये नेलं.

शेडच्या दाराशी एक म्हातारी बाई कोंड्याच्या पोत्यावर बसली होती. “ह्या रुखमाबाई,” सत्यवतीबाई म्हणाल्या, “टेकचंदभाऊच्या बायको. रोज येऊन बसते इमानापाशी.”

आत दोन घडवंच्यांवर पांढरंशुभ्र विमान ठेवलं होतं. बाजूला पँटवर राळेचे डाग पडलेला एक उंच माणूस उभा होता. हा खुशाल हटवार, तुमसरचा. लग्नाच्या मंडपांसाठी फायबरचे हत्ती, घोडे, मोर बनवायचा. जिल्ह्यात त्याच्या हत्तीसारखा हत्ती नाही, हे तो स्वतःच सांगायचा आणि ते खोटंही नव्हतं.

कीर्तीनं विमानाभोवती एक फेरी मारली. नाक चांगलं उतरलं होतं. शेपटी छान. हवा आत घ्यायची पंखांच्या मुळाशी असलेली तिकोनी तोंडंसुद्धा सफाईनं काढली होती. ती पंखापाशी थांबली. पुढच्या कडेवरून बोट फिरवत मुळापासून टोकापर्यंत गेली. बोट कुठंच अडलं नाही.

“खुशालभाऊ, नकाशा कुठला घेतला?”

“इंटरनेटवरून. हंटर टाकलं, हेच आलं. काहून?”

“हे पहिलं हंटर आहे. इंग्लंडात चाचणीसाठी बनवलेलं. टेकचंदकाकांनी ज्याच्यावर काम केलं ते हे नव्हे.”

खुशालनं हातातला घासकागद खाली ठेवला. “मॅडम, तुमाले रंगासाठी बोलावलं.”

“हो ना. पण रंग कशाला मारायचा ते तर बरोबर पाहिजे.” तिनं डबा उघडून आपलं छोटं हंटर बाहेर काढलं आणि पंख त्याच्या डोळ्यांसमोर धरला. “ही पुढची कड बघा. मुळापासून सरळ येते, आणि इथं, टोकाच्या अलीकडे, एकदम पुढे सरकते. बांधाला पायरी पडते तशी. हा दात. पहिल्या हंटरांना तो नव्हता. खूप वेगात असताना वळवलं की विमानाचं नाक आपोआप वर उचलायचं, पायलटला आवरायचं नाही. मग पंखाचा बाहेरचा भाग पुढे वाढवला आणि हा दात आला. आपल्या हवाई दलानं वापरलं ते दाताचं हंटर.”

खुशालनं छोटं विमान हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. “एवढुसाच तर हाये.”

“एवढुसाच आहे.”

“मॅडम,” सत्यवतीबाई मध्ये पडल्या, “पुढच्या रविवारी कार्यक्रम हाये. नागपूरहून एअर फोर्सचे रिटायर साहेब येऊन राहिले. पत्रिका वाटून झाल्या. बसस्टँडवर उभ्या असलेल्या माणसाले खालून दात दिसन का? कोण पाहते?”

“टेकचंदकाकांनी वीस वर्षं पाहिला,” कीर्ती म्हणाली. “त्यांच्या नावाच्या खांबावर त्यांनी कधी हात न लावलेलं विमान ठेवायचं, तर मग हत्तीच ठेवा. खुशालभाऊंचा हत्ती चांगला असतो.”

खुशालला राग यावा की हसू, हे त्याचं त्यालाच कळेना. तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. रुखमाबाई पोत्यावरून उठून आत आल्या होत्या.

“बाई, तू आता का म्हणलीस? इमानाले दात रायते?”

“असतो ना आजी. हा बघा.”

रुखमाबाईंनी छोटं विमान हातात घेतलं नाही. नुसतं वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. मग आपल्या भुवईच्या वर, उजव्या बाजूला बोट टेकवलं.

“यांच्या इथं खूण होती,” त्या म्हणाल्या. “पाच टाक्यांची. लगन होऊन वरीसही नव्हतं झालं. सुटीवर आले त डोस्क्याले पट्टी. मी म्हणली, का झालं? त म्हणे, हंटरनं चावलं. इमानाच्या पंखाले दात हाये, वाकून खालून निंगालो अन् उठताना लागला. मी हासली. घरचे सारे हासले. इमान का कुत्रं हाये, चावाले? मंग माह्या देरानं, सेवकरामनं, गावात सांगतलं का भाऊ तिकडं दारू पेते, मारामारीत फुटलं डोस्कं, अन् घरी येऊन इमानाचं नाव सांगते.”

रुखमाबाईंनी कपाळावरचं बोट खाली घेतलं.

“यांनी मले पुन्हा सांगतलं. एकडाव कोळशानं भिंतीवर काढून दाखवलं. मी म्हणली, राहू द्या, झालं ते झालं. मंग यांनी तो विषयच सोडला. कधी दारूले हात लावलेला मी पायला नाही. पण मनात आपलं राहून गेलं, का तवा पेले असन. पन्नास वर्सं राहिलं, बाई.” त्या पांढऱ्या पंखाकडे वळल्या. “मी रोज येऊन याले पाहून राहिली होती. दात कुठं दिसते म्हणून. नाही दिसला. मले वाटलं, खोटंच बोलले मंग.”

कीर्ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. “खरं बोलले आजी. फिटर लोकांना तो लागायचाच. ते पंखाखालून ये-जा करायचे आणि तो बरोबर डोक्याच्या उंचीवर यायचा.”

सत्यवतीबाईंनी पदर खोचला. “खुशालभाऊ, दात बसवा.”

“आठ दिवसांत? थंडीत राळ वाळत नाही, ताई.”

“उन्हात ठेवा. माहं अंगण घ्या. पण दात बसवा.”

कीर्तीनं सोमवारी ऑफिसला रजा टाकली आणि तीन दिवस सिहोऱ्यातच, सत्यवतीबाईंच्या घरी मुक्काम ठोकला. खुशाल पहिल्या दिवशी गप्प होता. त्यानं थर्माकोल कापला, तिनं आकडे सांगितले. विमान चौथ्या हिश्श्याचं बनवलं आहे असं नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, म्हणून खऱ्या विमानाच्या मापाला चारनं भागून दाताची जागा तिनं पेन्सिलीनं आखून दिली. खुशालनं त्या खुणेवर डाव्या पंखाला थर्माकोलची पट्टी चिकटवली, वरून काचेचं कापड आणि राळ चढवली, आणि संध्याकाळपर्यंत दात तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्ती अंगणात आली तेव्हा खुशाल आधीच येऊन विमानापुढे उकिडवा बसला होता. एका हातात तिचं छोटं हंटर, दुसऱ्या हातात दोरी.

“मॅडम, तुमचा दात चुकला.”

“शक्यच नाही. मी मोजून दिला.”

“मोजला बरोबर. पण पाहा.” त्यानं छोट्या विमानाच्या पंखावर दोरी धरली, दुमडली, पुन्हा धरली. “तुमच्यावाला दात टोकापासून एवढा आत हाये. माह्यावाला टोकाले जाऊन चिकटला. शेडच्या दारातून निंगालं पाहिजे म्हणून मी पंख दोन्हीकडून चार-चार इंच कमी केले होते. तुमाले सांगाचं राहिलं.”

कीर्तीनं दोरी घेऊन स्वतः मोजलं. पठ्ठ्या बरोबर होता. लांबी चौथ्या हिश्श्याची होती, पंख नव्हते. आणि तिनं, जी डब्यावरच्या चित्रावरही विश्वास ठेवत नाही, तिनं कागदाच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर विश्वास ठेवला होता. ती कपाळाला हात लावून हसली.

“चुकलंच माझं. पंख आधी मोजायला पाहिजे होता. काढा तो दात.”

“तोडू? रात्रभर पक्का झाला तो.”

“तोडा. पंख जेवढा आहे त्याच्या प्रमाणात नवी जागा काढू.”

खुशालनं ग्राइंडर उचलला, मग थांबला. “मॅडम, एक विचारू? चार-चार इंच पंख कमी हाये, ते तुमाले चालते. अन् दात नसला त चालत नाही. असं काहून?”

कीर्तीनं पंखाच्या टोकावर हात ठेवला. “चार इंचानं विमान थोडं लहान होतं, खुशालभाऊ. दात नसला तर ते दुसरंच विमान होतं.”

खुशालनं मान हलवली. त्याला ते पटलं असावं, कारण त्यानंतर त्याची जीभ मोकळी झाली. हत्तीच्या कानात असाच फरक असतो म्हणे, आफ्रिकेचा कान वेगळा आणि आपल्याकडचा वेगळा, आणि मंडपवाले कोणताही कान लावतात, ते त्याला बघवत नाही. त्यानं दोरीनं नवी जागा काढली. कीर्तीनं ती तपासली आणि या वेळी एक रेघही बदलली नाही. दोन्ही पंखांवर दात चढले. ऊन जसं सरकायचं तसं दोघं विमान अंगणात सरकवायचे, जाणारे-येणारे हात लावायचे. दात पंखाला बाहेरून जोडल्यासारखा दिसू नये म्हणून पुट्टी कशी ओढायची हे खुशालनं तिला शिकवलं. प्लास्टिकच्या छोट्या पंखावर तिला ते कधी इतकं सफाईनं जमलं नव्हतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

बुधवारी रंग चढला. वर गडद करडा आणि गडद हिरवा, पोट चंदेरी. पंखांवर गोल, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. शुक्रवारी क्रेननं विमान खांबावर चढवलं. रुखमाबाईंची एक अट होती, ती सत्यवतीबाईंनी कोणालाही न विचारता मान्य केली होती. खांब ठरल्यापेक्षा बुटका केला गेला होता. डावा पंख खाली झुकलेला, वळण घेत असल्यासारखा, आणि चौथऱ्यावर उभं राहिलं की हात पोचेल इतका.

रविवारी चौकात मांडव, खुर्च्या, लेझीमचं पथक आणि शाळेतली पोरं. नागपूरचे साहेब आले, त्यांनी विमानाकडे बघून “अरे वा, हे तर अगदी आपलं हंटर!” म्हटलं, नारळ फोडला, भाषण केलं. चांगलं बोलले. पण रुखमाबाईंचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. त्या पहिल्या रांगेत बसून सारख्या मागे वळून बघत होत्या. दुसऱ्या रांगेत काठी धरून बसलेले पंच्याहत्तरीचे सेवकराम होते. ते दुपारच्या जेवणापुरतेच येणार म्हणत होते. रुखमाबाईंनी सकाळीच ऑटो पाठवून त्यांना आणलं होतं.

टाळ्या संपल्या, लोक उठले, तशा त्या दिरापाशी गेल्या.

“भाऊजी, उठा. तुमाले काही दाखवाचं हाये.”

“मले खुर्चीवरून दिसते, वयनी.”

“इथून नाही दिसत. चला.”

कीर्तीनं एका बाजूनं म्हाताऱ्याचा हात धरला, खुशालनं दुसऱ्या. चौथऱ्याच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. वर आल्यावर रुखमाबाईंनी सेवकरामांचा काठी नसलेला हात उचलून पंखाच्या कडेवर ठेवला आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकवत नेला. एका जागी हात अडला.

“का हाये?”

“अं... कोपरा हाये.”

“दात हाये. बराबर पाहा. टोचते का नाही?”

“टोचते.”

“तुमच्या भावाच्या कपाळाले हा लागला होता. दारूत नाही फुटलं ते.”

आजूबाजूला दहा-वीस माणसं जमली होती. सेवकरामांचा हात तिथंच होता. बोटांनी ते त्या पायरीचा कोपरा चाचपत होते, पुन्हा पुन्हा.

“मले का मालूम, वयनी,” ते शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “मी मजाकीत बोललो होतो. भाऊ शहरात जाऊन आला, वर्दी घालून आला, सारं गाव त्याच्याच मागं. मले राग आला होता. एकडाव बोललो अन् गावानं धरून ठेवलं. मंग कसं म्हणू का मी खोटं बोललो?”

“आता म्हणा.”

“आता?”

“हव. आता. मोठ्यानं. लोकं हायेत सारे.”

सेवकरामांनी माणसांकडे पाहिलं. खाली मांडवात बांधलेला माइक अजून चालूच होता, पण त्याची गरज पडली नाही. काठी जमिनीवर टेकवून म्हातारा जेवढा सरळ होता आलं तेवढा सरळ झाला आणि म्हणाला, “माह्या भावानं दारू नव्हती पेली. हंटरनंच चावलं होतं. मी खोटं बोललो होतो.”

कोणी हसलं नाही. सत्यवतीबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच पाण्याच्या कॅन कुठं आहेत म्हणून कोणावर तरी ओरडल्या.

रुखमाबाईंनी दिराचा हात पंखावरून काढून आपल्या हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर कीर्तीला विजयाचं हसू दिसेल असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. खूप दिवसांचं काम हातावेगळं झालेल्या बाईचा असतो तसा तो चेहरा होता, दमलेला आणि शांत.

“चला भाऊजी, जेवाले,” त्या म्हणाल्या. “वांग्याची भाजी केली हाये, नवीन तांदळाचा भात हाये. सावकाश उतरा. बाई, तूही चाल. खुशालभाऊ, तुमीही.”

पायऱ्या उतरताना सेवकराम एकदा थांबले आणि कीर्तीला म्हणाले, “उजव्या पंखालेही हाये का तो?”

“हो आजोबा. दोन्हीकडे.”

“मंग बरं,” म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि वहिनीच्या आधारानं भाताच्या पंगतीकडे चालू लागला.